कंपनी आवडत नाही, मग गेम घ्यायचा का? हा वाद आला कुठून

एखाद्या गेम कंपनीचं वागणं पटलं नाही की 'त्यांचा गेम घेऊ नका' अशी हाक उठते, आणि त्याने काही होतं का यावर वाद. नोव्हेंबर २००९ चा एक स्क्रीनशॉट अजून अधूनमधून फिरत असतो. कॉल ऑफ ड्युटी: मॉडर्न वॉरफेअर २ त्या दिवशी आला होता, आणि स्क्रीनशॉटमध्ये दिसते ती स्टीमवरच्या (पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान) 'या गेमवर बहिष्कार' ग्रुपची मेंबर लिस्ट. गंमत म्हणजे बहुतेक नावांखाली स्पष्ट लिहिलंय की साहेब आत्ता मॉडर्न वॉरफेअर २ च खेळतायत. पीसीवाल्यांना डेडिकेटेड सर्व्हर (खेळाडूंना स्वतः चालवता येणारे वेगळे सर्व्हर) मिळणार नाहीत म्हणून केवढा राडा झाला होता, आणि अमेरिका-ब्रिटन मिळून पहिल्याच दिवशी ४७ लाख कॉप्या गेल्या. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

खरं घोडं पेंड खायला लागलं ते २००६ ला, आणि अक्षरशः घोडंच. ऑब्लिव्हियन या गेममध्ये बेथेस्डा कंपनीने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, नुसतं घोड्याच्या अंगावर घालायला! लोक हसले, शिव्या घातल्या आणि वर विकतही घेतलं. आज स्किन्सवर (गेममधलं नुसतं दिसणं बदलणाऱ्या वस्तू) जो पैसा उधळला जातो त्याचं मूळ शोधायला गेलं की सगळे त्या घोड्यापाशीच येऊन थांबतात.

२००९ लाच लेफ्ट फोर डेड २ वरूनही भांडण झालं, पहिला गेम येऊन वर्षही झालं नाही तर दुसरा कसला काढता म्हणून. बहिष्काराच्या ग्रुपात ३० हजारांवर लोक जमले, तेव्हा गेम बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने ग्रुपच्या दोन म्होरक्यांना आपल्या ऑफिसला बोलावून गेम खेळायला दिला. खेळून ते खूश, ग्रुप बंद.

हे वाचून वाटेल की बहिष्कार म्हणजे फुकाची बडबड. मलाही तसंच वाटायचं, पण २०१७ चं ईए कंपनीच्या बॅटलफ्रंट २ या स्टार वॉर्स गेमचं प्रकरण बघा. ६० डॉलरचा गेम, आणि डार्थ व्हेडर हे पात्र पाहिजे तर खेळून ६० हजार क्रेडिट्स कमवा, नाहीतर पैसे मोजून लूट बॉक्सेसवर (आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्या) नशीब आजमावा. ईएने रेडिटवर उत्तर दिलं की यातून खेळाडूंना अभिमान आणि काहीतरी मिळवल्याची भावना मिळावी असा हेतू आहे, त्या एका कमेंटला साडेसहा लाखांवर डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले. रिलीजच्या ऐन तोंडावर कंपनीने गेममधली खरेदीच बंद केली आणि पुढच्या वर्षी बेल्जियमने असे लूट बॉक्स जुगारात धरले. फरक काय, तर बोंब गेम विकायच्या आधी उठली, पैसे खिशात असताना.

दुसरा फरक स्टीमच्या रिफंडने पडला. जून २०१५ पासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. मे २०२४ ला हेलडायव्हर्स २ साठी सोनीने पीएसएन (प्लेस्टेशनची ऑनलाइन सेवा) अकाउंट सक्तीचं करतो म्हटलं, जिथे पीएसएन चालतच नाही अशा देशांतही गेम विकून झालेला. निगेटिव्ह रिव्ह्यूंचा पाऊस पडला, रिफंड मागितले गेले, आणि तीन दिवसांत सोनीने माघार घेतली. पण बघा, निर्णय सोनीचा आणि रिव्ह्यू खराब झाले ते गेम बनवणाऱ्या ॲरोहेडच्या गेमचे. 'या डेव्हलपरकडून (गेम बनवणाऱ्याकडून) घेऊ नका' म्हणताना आपण नेमकं कोणाला मारतोय हे इथेच अडतं. युबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ तर आपल्या पुण्यात आहे, तिथे काम करणारी पोरं काही पॅरिसला बसून पॉलिसी ठरवत नाहीत.

युबीसॉफ्टवरून आठवलं, त्यांचाच गाड्यांच्या रेसिंगचा गेम द क्रू. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले, गेम ऑनलाइनशिवाय चालतच नसल्यामुळे डिस्क असलेलेही अडकले. इथे बहिष्कार घालून काय करणार, पैसे तर दहा वर्षांपूर्वीच दिलेले. म्हणून मग रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' सुरू केलं, आणि 'घेऊ नका' म्हणण्याऐवजी विकलेला गेम असा बंद पाडता येऊ नये म्हणून थेट कायदा मागितला. युरोपियन युनियनमधल्या त्या अर्जावर जुलै २०२५ ला सह्यांचा आकडा १० लाखांच्या वर गेला.