आकडा बारीक, जागा अचूक: दोन्ही एकच नव्हे

जिओकॅश, म्हणजे कुणीतरी लपवून जीपीएसवरची जागा कळवलेली डबी, शोधायला नव्याने निघालेली माणसं बऱ्याचदा एकाच दगडाभोवती घुटमळतात. फोन अंतर दाखवतो शून्य मीटर, आणि डबी काही हाती लागत नाही. मग तीच कपार चारचारदा चाचपली जाते. आकड्याचा बारकावा आणि जागेचा अचूकपणा यांत झालेली ही गल्लत आहे.

बारकावा म्हणजे आकडा किती बारीक लिहिलाय ते. कॅशचे अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटांत देतात, मिनिटापुढे तीन दशांश स्थळं. अक्षांशाचं एक मिनिट जमिनीवर साधारण १,८५२ मीटर भरतं; शेवटचा अंक एकाने बदलला की सुमारे १.८५ मीटर सरकलात. हे झालं कागदावरचं.

अचूकपणा ठरतो आकाशात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. तिथून संदेश यायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो, आणि एक नॅनोसेकंद चुकला की ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, संदेश रेंगाळतो. उभ्या कड्याजवळ तर तो दगडावर आपटून, वळसा घालून येतो. फोनला वाटतं, उपग्रहच लांब आहे. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, दाट झाडीत अचूकपणा त्याहून कमी. तरी दशांश स्थळं तितकीच दिसत राहतात! तीच फसवतात.

(संदेशात मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली. त्याआधी शंभरेक मीटरची तफावत पडायची. ३ मे रोजी ऑरेगॉनमध्ये पहिली डबी लपवली गेली, ती उगाच नव्हे.)

लपवणाऱ्याचा फोनही चुकतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. त्याची चूक पाच मीटर पूर्वेला, तुमची पाच मीटर पश्चिमेला, की झाले दहा. स्क्रीनवरचं ‘± ३ मीटर’ हा फक्त तुमच्या फोनचा स्वतःबद्दलचा अंदाज. अँड्रॉइडवर तर तीनातल्या साधारण एका वेळी खरी जागा त्या वर्तुळाबाहेर असते.

म्हणून दहा मीटरवर आलात की फोन खिशात टाका. मुळांमधली पोकळी, एकट्याच उपड्या ठेवलेल्या दगडाखालची जागा, नीट रचल्यासारख्या दिसणाऱ्या काटक्या बघा. आणि लपवणार असाल, तर त्याच जागी दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी पुन्हा जाऊन नोंद घ्या आणि सरासरी काढा. तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते.