एम्बेडेड प्रोसेसरसाठी सी लायब्ररीचे कॉन्फिगरेशन

सी भाषेची प्रमाण लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) कोणत्या सूचनासंचासाठी (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांसाठी), कोणत्या एबीआयनुसार (फंक्शनांनी एकमेकांना माहिती कशी द्यायची याच्या नियमांनुसार) आणि किती मेमरीत मावेल अशी बांधायची, हे बांधणीपूर्वी ठरवण्याच्या कामाला सी लायब्ररीचे कॉन्फिगरेशन म्हणतात. डेस्कटॉपवर हे सगळे ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आयते मिळते. ६४ किलोबाइट फ्लॅश आणि ८ किलोबाइट रॅम असलेल्या मायक्रोकंट्रोलरवर मात्र प्रत्येक प्रकल्पात ते नव्याने ठरवावे लागते. तिथे प्रिंटएफ हे मजकूर छापणारे एकटे फंक्शन, दशांश संख्यांची सोय धरून जोडले, तर फ्लॅशचा मोठा वाटा खाऊन टाकते.

कोणती लायब्ररी

पहिला प्रश्न खाली ऑपरेटिंग सिस्टिम आहे की नाही हा. लिनक्स असेल तर जीलिबसी, मसल आणि युसीलिबसी-एनजी हे मुख्य पर्याय आहेत. लिनक्स नसेल तर न्यूलिब, तिच्यातून निघालेली पिकोलिबसी, आणि एव्हीआर या मायक्रोकंट्रोलर कुटुंबासाठी एव्हीआर-लिबसी. न्यूलिब १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिग्नस सपोर्ट या कंपनीत तयार झाली. पुढे सिग्नस रेड हॅटने विकत घेतली. कीथ पॅकार्ड यांची पिकोलिबसी न्यूलिबचा गाभा ठेवते, पण इनपुट-आउटपुटचा भाग एव्हीआर-लिबसीकडून घेते आणि बांधणीसाठी मेसन हे साधन वापरते.

लक्ष्य, एबीआय आणि मल्टिलिब

लक्ष्याचे, म्हणजे ज्यासाठी बांधायचे त्या प्रोसेसरचे, नाव तीन-चार तुकड्यांचे असते. ‘आर्म-नन-ईएबीआय’ म्हणजे आर्म प्रोसेसर, खाली ऑपरेटिंग सिस्टिम नाही, एम्बेडेड एबीआय. पण एवढ्याने काम भागत नाही. कॉर्टेक्स-एम० या आर्म प्रोसेसरमध्ये एफपीयू (दशांश आकडेमोडीचे हार्डवेअर) नाही. कॉर्टेक्स-एम४ मध्ये तो असलाच तर फक्त सिंगल प्रिसिजनचा (३२ बिटी) असतो, त्यामुळे त्यावरही डबलची (६४ बिटी) सगळी आकडेमोड सॉफ्टवेअरमध्येच होते. म्हणून एकाच लायब्ररीच्या अनेक प्रती बांधतात आणि कंपायलर दिलेल्या पर्यायांवरून योग्य प्रत उचलतो. या व्यवस्थेला मल्टिलिब म्हणतात. जीसीसी या कंपायलरला ‘प्रिंट-मल्टि-लिब’ हा पर्याय दिला की उपलब्ध प्रतींची यादी छापली जाते. आरआयएससी-व्ही प्रोसेसरांवर हेच काम सूचनासंच (उदाहरणार्थ आरव्ही३२आयएमएसी) आणि एबीआय (आयएलपी३२) या जोडीवर चालते.

इथली सर्वांत नेहमीची चूक म्हणजे सीपीयू आणि थंबचे (आर्मच्या आखूड सूचनासंचाचे) पर्याय कंपाइल करताना देणे आणि लिंक करताना (तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवताना) विसरणे. मग जीसीसी मूळ प्रत निवडतो, आणि आर्म साखळीत (कंपायलर, लिंकर वगैरे साधनांच्या संचात) ती जुन्या आर्म अवस्थेतल्या सूचनांची असते. कॉर्टेक्स-एम फक्त थंब सूचना चालवतो. लिंकिंग बऱ्याचदा मुकाट्याने पार पडते, आपला कोड बरोबर धावतो, आणि लायब्ररीतल्या पहिल्या मेमसेटवर हार्डफॉल्ट (प्रोग्रॅम अडवणारा प्रोसेसरचा दोष-इशारा) येतो. लिंकरला मॅप फाइल (काय कुठून जोडले त्याची यादी) काढायला सांगावे आणि लिबसी नेमक्या कोणत्या फोल्डरमधून आली ते पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे.

हार्ड आणि सॉफ्ट फ्लोट एबीआयची (दशांश संख्या एफपीयूच्या रजिस्टरांतून देणाऱ्या आणि न देणाऱ्या) सरमिसळ झाली तर निदान लिंकर तरी ओरडतो: अमुक फाइल व्हीएफपी (एफपीयूच्या) रजिस्टरांतून आर्ग्युमेंट घेते, तमुक घेत नाही. हार्ड फ्लोटची लायब्ररी जोडली आणि रीसेट कोडमध्ये एफपीयू सुरू करायचा राहिला, तर मात्र कोणीच काही सांगत नाही. कॉर्टेक्स-एम४ वर त्यासाठी सीपीएसीआर या, एफपीयूला परवानगी देणाऱ्या, रजिस्टरमधील २० ते २३ क्रमांकांचे बिट, फ्लोट वापरणाऱ्या पहिल्या सूचनेपूर्वी, चढवावे लागतात.

याच घरातला आणखी एक दोष आहे. आर्म ईएबीआयनुसार फंक्शनमध्ये शिरताना स्टॅक पॉइंटर (स्टॅकचे टोक दाखवणारे रजिस्टर) ८ बाइटच्या सीमेवर असायला हवा. आरटीओएसच्या (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमच्या) टास्कला दिलेला स्टॅक ४ बाइटच्या सीमेवर सुरू झाला, तर पूर्णांक नीट छापले जातात, पण डबल आणि ६४ बिटी संख्या कचरा दाखवतात. लोक प्रिंटएफमध्ये दोष शोधत बसतात. तो तिथे नसतो.

न्यूलिबची बांधणी

नव्या साखळीसाठी क्रम ठरलेला आहे: आधी बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे), मग हेडर नसतानाही बांधता येणारा पहिल्या टप्प्याचा जीसीसी, मग न्यूलिब, शेवटी पूर्ण जीसीसी. बांधणी मूळ कोडच्या फोल्डरमध्ये करू नये, वेगळे फोल्डर घ्यावे. क्रॉस-कंपायलर (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा) पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) नसेल तर कॉन्फिगर स्क्रिप्ट तेव्हा तक्रार करत नाही, बराच वेळ गेल्यावर ‘आर्म-नन-ईएबीआय-सीसी सापडले नाही’ असा निरोप येतो. प्रशासकाच्या अधिकाराने इन्स्टॉल करताना पाथ बदलतो आणि मग रॅनलिब हे साधन सापडत नाही, तेही याच जातीचे.

न्यूलिबचे दोन भाग आहेत. न्यूलिब म्हणजे लिबसी आणि लिबएम (गणिती फंक्शने). लिबग्लॉस म्हणजे बोर्डाशी जोडणारा भाग, अर्थात सुरुवातीचा कोड आणि सिस्टिम कॉल. आकार कमी करणारे पर्याय पहिल्या भागात लागतात. ‘एनेबल-न्यूलिब-नॅनो-मॅलॉक’ लहान मॅलॉक, म्हणजे मेमरीचा वाटपकर्ता, देतो. वेग आणि विखंडन या बाबतींत तो साधाच आहे. ‘एनेबल-न्यूलिब-नॅनो-फॉर्मॅटेड-आयओ’ प्रिंटएफ आणि स्कॅनएफ आखूड करतो. ‘एनेबल-न्यूलिब-रीएंट-स्मॉल’ प्रत्येक थ्रेडसाठी लागणारी रीएंट रचना (लायब्ररीची त्या थ्रेडपुरती माहिती) लहान करतो. मूळ रचना ३२ बिटी आर्मवर सुमारे १ किलोबाइटची आहे, म्हणजे आठ टास्क असतील तर वर दिलेली ८ किलोबाइट रॅम तिथेच संपली. हे पर्याय एकत्र करून बांधलेली प्रत न्यूलिब-नॅनो म्हणून तयार साखळ्यांत मिळते आणि नॅनो स्पेक्स (जीसीसीसाठी तयार पर्यायांची फाइल) देऊन निवडता येते.

लायब्ररी बांधतानाही आकार लहान ठेवणारी ऑप्टिमायझेशन पातळी आणि प्रत्येक फंक्शनला वेगळा सेक्शन देणारे पर्याय द्यावेत. नाहीतर लिंकरची नको ते सेक्शन गाळण्याची सोय लायब्ररीच्या फाइलींपुरती निरुपयोगी ठरते.

नॅनो प्रतीत दशांश संख्या छापणे मुळात बंद असते. ‘प्रिंटएफ-फ्लोट’ हे चिन्ह लिंकरकडून मुद्दाम मागवले नाही, तर संख्येच्या जागी काहीच उमटत नाही. एव्हीआर-लिबसी अशा वेळी प्रश्नचिन्ह छापते, तेवढी ती बरी.

मेमकॉपी (मेमरीची नक्कल करणारे फंक्शन) स्वतः लिहून लायब्ररीत घालणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. जीसीसी साध्या कॉपीच्या लूपला ओळखतो आणि त्याच्या जागी मेमकॉपीचा कॉल टाकतो, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलावत राहते. अशा फाइलींना लूपचे असे रूपांतर रोखणारा पर्याय द्यावाच लागतो.

सिस्टिम कॉल

न्यूलिबला खालून सुमारे दीड डझन फंक्शने हवी असतात: राइट, रीड, क्लोज, एलसीक, एफस्टॅट, एसबीआरके (हीपसाठी, म्हणजे मॅलॉकच्या साठ्यासाठी, मेमरी देणारे) वगैरे. नोसिस स्पेक्स दिले तर नुसती अपयश परतवणारी रिकामी फंक्शने मिळतात आणि लिंकिंग पूर्ण होते. यूएआरटीवर (सिरियल पोर्टवर) अक्षर जायला मात्र राइट स्वतः लिहावे लागते. सेमीहोस्टिंगचे (इनपुट-आउटपुट डीबगरमार्फत करणारे) स्पेक्स डीबगर जोडलेला असेपर्यंत उत्तम. डीबगर काढला की पहिल्याच ब्रेकपॉइंट सूचनेवर बोर्ड अडकतो. टेबलावर चालणारे आणि पेटीत घातल्यावर न चालणारे फर्मवेअर अनेकदा याच कारणाने तसे वागते.

एफस्टॅटने ‘हे कॅरेक्टर डिव्हाइस आहे’ असे सांगितले आणि टर्मिनल असल्याची खूणही दिली, तर आउटपुट ओळ संपताच बाहेर पडते. तसे न केल्यास बफर भरेपर्यंत काहीच दिसत नाही. हा बफर पहिल्या प्रिंटएफच्या वेळी मॅलॉकमधून घेतला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हीप नसेल तर लायब्ररी बफर न वापरता काम चालवते आणि एकेका अक्षरासाठी राइट बोलावते. आउटपुट बरोबर येते, पण संथ.

एसबीआरके सर्वांत नाजूक. प्रचलित नमुन्यात हीपचे टोक लिंकर स्क्रिप्टमधील ‘एंड’ चिन्हापासून सुरू होते आणि ते चालू स्टॅक पॉइंटरशी ताडून पाहिले जाते. आरटीओएसखाली टास्कचा स्टॅक बीएसएसमध्ये (शून्याने सुरू होणाऱ्या चलांच्या भागात), म्हणजे हीपच्या खाली असतो. तुलना नेहमी फसते आणि मॅलॉक पहिल्यापासून रिकामा हात दाखवते. तिथे लिंकर स्क्रिप्टमध्ये हीपची वरची मर्यादा देऊन तिच्याशीच तुलना करावी. शिवाय मॅलॉकचे लॉक आणि अनलॉक ही फंक्शने अशा बांधणीत सहसा रिकामी असतात. दोन टास्क मॅलॉक वापरणार असतील तर ती भरावी लागतात.

न्यूलिब नव्या आर्किटेक्चरवर न्यायची असेल, तर कॉन्फिग-सब मध्ये नाव, कॉन्फिगर-होस्ट मध्ये मशीनचे फोल्डर, फ्लोटच्या हेडरमध्ये बाइटक्रम, आणि असेंब्लीत सेटजंप-लाँगजंप (रजिस्टरे जतन करून नंतर त्याच जागी परत उडी मारणारी जोडी) एवढे किमान लागते. जंप बफरचा आकार जतन करायच्या रजिस्टरांपेक्षा कमी दिला, तर सेटजंप शेजारच्या चलांवर लिहिते, आणि ती चूक शोधायला आठवडा जातो.

लिनक्सखाली

युसीलिबसी मुळात एमएमयू (आभासी मेमरीचे हार्डवेअर) नसलेल्या प्रोसेसरांवरच्या युसीलिनक्ससाठी लिहिली गेली. एनजी ही तिची नंतरची शाखा. तिचे कॉन्फिगरेशन लिनक्स कर्नलसारखे मेनूकॉन्फिगने होते आणि निवडी ‘.कॉन्फिग’ फाइलीत उतरतात. आर्किटेक्चर, बाइटक्रम, एमएमयू, एफपीयू, कर्नल हेडरचा मार्ग, थ्रेड, लोकेल (भाषा-प्रदेशाच्या सोयी) आणि मॅलॉकचा प्रकार असा साधारण क्रम धरावा. एमएमयू नसेल तर फोर्क (प्रक्रियेची प्रत काढणारा कॉल) मिळत नाही, व्हीफोर्कवर भागवावे लागते, आणि एक्झिक्युटेबलचे स्वरूप फ्लॅट किंवा एफडीपीआयसी निवडावे लागते. मॅलॉक-सिंपल प्रत्येक मागणीसाठी थेट एममॅप करते, म्हणजे कर्नलकडूनच मेमरी मागते. अगदी थोडी आणि मोठी वाटपे असतील तरच ती परवडते.

मसलमध्ये असा मेनू नाही. लक्ष्य आणि कंपायलर दिले की झाले. तिथे जपायचे ते थ्रेडच्या स्टॅकला. आवृत्ती १.१.२१ पासून तो १२८ किलोबाइट आहे, तर जीलिबसीवर तो सहसा ८ मेगाबाइट असतो. जीलिबसीवर वाढलेला प्रोग्रॅम मोठे स्थानिक अ‍ॅरे घेऊन इथे आला की कोसळतो. थ्रेड बनवताना स्टॅकचा आकार स्वतः सांगावा.

युसीलिबसीचा एबीआय निवडलेल्या पर्यायांवर अवलंबून असतो. लोकेल किंवा थ्रेडची निवड बदलून फक्त लायब्ररी नव्याने बसवली आणि जुने प्रोग्रॅम तसेच ठेवले, तर काही चालतात, काही कारण न देता बंद पडतात. कॉन्फिग बदलली की रूट फाइलसिस्टिममधला प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा, आणि ‘.कॉन्फिग’ फाइल फर्मवेअरच्या आवृत्तीसोबतच जपून ठेवावी.