‘वारली रिव्होल्ट’मागचा ठाणे जिल्हा

मराठी रॅपची गोष्ट सांगायला बसलं की बहुतेक जण 14 फेब्रुवारी 2019 पासून सुरुवात करतात. त्या दिवशी मुंबईच्या रॅपर पोरांवरचा ‘गली बॉय’ चित्रपट लागला. ‘स्वदेसी’ हा मुंबईचा गट त्याच्या कितीतरी आधीपासून गात होता. त्यात एमसी मवाली मराठीत लिहायचा, एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत. अमरावतीचा सौरभ अभ्यंकरही त्यांच्यातलाच. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी ‘त धोम प्रोजेक्ट’मध्ये या पोरांना कोनक्कोल शिकवलं, म्हणजे मृदंगाचे बोल तोंडाने म्हणायची कर्नाटक संगीतातली पद्धत. नुसतं यमक जुळवणं सुटलं ते तिथे, असं मला वाटतं. चित्रपटातलं ‘इंडिया 91’ याच मंडळींचं.

पण ठाणेकरांनी ऐकावं ते ‘स्वदेसी’चं 2019 चं ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणं. त्यात मुंबईतल्या आरे वसाहतीच्या केलटीपाड्यातले प्रकाश भोईर त्यांच्यासोबत आहेत. मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायला विरोध पेटला होता, त्या काळातलं हे गाणं. आरेला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, उद्यानाच्या पूर्वेला आपलं येऊर, आणि दोन्ही अंगांना वारल्यांचे पाडे.

नावातलं बंड मात्र आरेतलं नव्हे, जुन्या ठाणे जिल्ह्यातलं. जानेवारी 1945 मध्ये किसान सभेची परिषद टिटवाळ्याला भरली. (टिटवाळा म्हटलं की आपल्याला फक्त गणपती आठवतो.) तिथे आलेल्या वारल्यांनी वेठबिगारीची कहाणी मांडली. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या मुलखात गेले. 23 मे 1945 ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असं ठरलं. मग गवत कापणीच्या मजुरीचा संप झाला. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगडसह पाच जण गेले. पालघर वेगळा झाला 2014 मध्ये. तोवर तलासरीचा भाग ठाण्यातच होता.

रॅप म्हणजे आजचा पोवाडा, असं म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. पोवाडा दुसऱ्याचा पराक्रम सांगतो, रॅपर बहुधा स्वतःचा. या गाण्यात मात्र रॅपर बाजूला सरकतो आणि ज्याची जमीन आहे त्याला जागा देतो. मराठीत लिहिणाऱ्या मवालीचं वेगळेपण मला इथे दिसतं.

4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री आरेत झाडतोड सुरू झाली. कारशेड अखेर तिथेच झालं. धर्मेश, म्हणजे एमसी तोडफोड, 20 मार्च 2022 रोजी गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. आणि जुलै 2024 मध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन झालं. तो याच उद्यानाच्या पोटातून जातोय, आणि त्याचं ठाण्याकडचं तोंड टिकुजिनीवाडीपाशी आहे.