मधुमेही पायाची जखम: अँटिसेप्टिक कुठे संपतं, अँटिबायोटिक कुठे सुरू होतं

दोन्ही जंतू मारतात, म्हणून गल्लत होते. ‘रोज आयोडीन लावतोय, मग इंजेक्शनं कशाला?’ असं विचारणारे बरेच असतात. साध्या खरचटण्याला हा प्रश्न चालून जाईल. मधुमेही पायाच्या तीव्र संसर्गात तो पायावरच नव्हे, जिवावरही बेततो.

पोव्हिडोन आयोडीन, क्लोरहेक्सिडिन, हायड्रोजन पेरॉक्साइड ही अँटिसेप्टिकं. लावली तिथेच, वरच्या थरात काम करतात. पू आणि रक्त यांच्यात मिसळलं की आयोडीनचा जोर ओसरतो. शिवाय ही औषधं निवड करत नाहीत, जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही इजा करू शकतात. पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटतं, पण तो आपल्याच रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटलेज विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो. जंतू नसलेल्या जखमेवरही येईल.

तीव्र संसर्ग वरच्या थरात थांबलेला नसतो. जखमेत संसर्ग आणि सोबत यांपैकी किमान दोन गोष्टी दिसल्या की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात: ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर (किंवा तापमान 36 च्या खाली), नाडी 90 च्या वर, श्वास मिनिटाला 20 पेक्षा जास्त, पांढऱ्या पेशी 12,000 च्या वर किंवा 4,000 च्या खाली. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. नसा बधिर झालेल्या पायात दुखणं हा भरवशाचा इशारा नाही.

इथे अँटिबायोटिक लागतं, आणि सुरुवातीला शिरेतून. ते रक्तावाटे खोलवर पोचतं. मात्र पायाच्या धमन्या अरुंद असतील तर तेही अपुरं पोचतं, आणि साचलेल्या पुवात किंवा मेलेल्या मांसात तर रक्तच नसतं. म्हणून पू काढणं, मेलेला भाग कापणं हे औषधाइतकंच तातडीचं. हाडात संसर्ग असेल आणि ते कापलं नसेल, तर औषध साधारण 6 आठवडे चालतं.

मधुमेही पायासाठीच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना संसर्गाच्या उपचारात अँटिसेप्टिक, चांदीयुक्त ड्रेसिंग किंवा मध यांची जोड देऊ नये असं सुचवतात. उलट बाजूही तितकीच खरी: जखमेत संसर्गाची लक्षणं नसतील तर अँटिबायोटिकही देऊ नये. दुसऱ्या सूचनेकडे जास्त दुर्लक्ष होतं, असं मला वाटतं.

मग आयोडीनचं काय? कोरड्या गँगरीनचं, म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेलं आणि सुकलेलं, बोट कोरडं राहावं म्हणून डॉक्टर ते लावायला सांगतात. ते बोट ओलं झालं, वास मारू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.