पाऊल आणि कालबूत: दिसायला सारखे, मापाला वेगळे

कोऱ्या कागदावर अनवाणी उभं राहा. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून तुमच्या पावलाभोवती रेघ ओढायला सांगा. मग रोजच्या बंद बुटातलं आतलं पातळ तळपान बाहेर काढा आणि त्या आकृतीवर ठेवा. बहुतेकांच्या बाबतीत चवड्याच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीची रेघ तळपानाच्या बाहेर दिसते, म्हणजे बूट पावलापेक्षा अरुंद निघतो. पुढे पाहिलं तर उलटंच. अंगठ्याच्या टोकापलीकडे तळपान सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर शिल्लक असतं. अरुंद आणि लांब असा हा बूट घालून तुम्ही दिवसभर चालता आणि तो लागत नाही.

बूट पावलाच्या आकारावर बेतलेला असतो असं आपण धरून चालतो. खरं तर तो बेतलेला असतो पावलासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच एका वस्तूवर. कारखान्यात तिला लास्ट म्हणतात, कारागिरांच्या तोंडी फर्मा असतो, आणि जुना शब्द आहे कालबूत. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. त्याचं मूळ ग्रीक भाषेत सापडतं आणि तिथे त्याचा अर्थ आहे ‘लाकडी पाय’. इंग्रजीतल्या ‘लास्ट’ची गोष्ट वेगळी आहे. जुन्या इंग्रजीत तो शब्द पाऊलखुणेशी जोडलेला होता. एका भाषेला या वस्तूत पाय दिसला, दुसरीला पायाचा ठसा. वस्तू मात्र पायही नाही आणि ठसाही नाही.

एक खुलासा आधीच केलेला बरा. रस्त्याकडेच्या चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानात लोखंडाचा तीन पावलांचा ठोकळा असतो. त्यावर बूट उलटा घालून खिळे ठोकतात. इंग्रजीत त्यालाही लास्टच म्हणतात, पण त्याने बुटाला आकार मिळत नाही. तो फक्त हातोडीचा घाव झेलतो. बूट घरी ठेवताना आत घालायचा लाकडी ठोकळाही वेगळा. तो तयार बुटाचा आकार टिकवतो, फर्मा तो आकार मुळात देतो.

फर्मा पावलासारखाच का करत नाहीत, हे कळायला बूट बनताना पाहावा लागतो. वरचं चामडं सपाट कापून शिवलेलं असतं. ते फर्म्यावर चढवतात, पकडीने सगळीकडून ताणतात, कड तळाखाली दुमडतात आणि तिथे ठोकतात किंवा चिकटवतात. हाताने केलेल्या चांगल्या बुटात चामडं असं ताणलेल्या स्थितीत काही दिवस ठेवतात. कारखान्यात उष्णता देऊन तेच काम काही मिनिटांत उरकतात. दोन्हीकडे हेतू एकच, फर्मा काढून घेतला तरी चामड्याने त्याचा आकार सोडू नये. ही ताणण्याची कला इतकी नाजूक होती की शिवण यंत्रावर गेल्यानंतरही बरीच वर्षं ती हातातच राहिली. अमेरिकेतल्या लिन या बुटांच्या गावी यान मात्झेलिगर या तरुणाने १८८३ मध्ये त्यासाठीच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. तो मूळचा सुरिनामचा. कुशल कारागिराच्या हातून दिवसाला पन्नासेक जोड होत, यंत्राने दीडशेपासून सातशेपर्यंत होऊ लागले. सदतिशीही गाठण्याआधी तो वारला. बुटांच्या इतिहासात त्याचं नाव आजच्यापेक्षा कितीतरी ठळक हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता ताणलेल्या चामड्याच्या बाजूने विचार करा. पावलाला कुठेही धारदार कड नाही. तळवा हळूहळू वळत पावलाच्या बाजूंत मिसळतो. फर्म्याच्या तळाला मात्र चौफेर एक स्वच्छ, रेखीव कड लागते, कारण चामडं तिथेच दुमडायचं असतं. ती कड हुकली तर तळ आणि वरचं चामडं जिथे मिळतं ती रेघ वेडीवाकडी होते. पावलाला पाच बोटं आहेत, त्यांच्यामध्ये खाचा आहेत. फर्म्याचं टोक एकसंध आणि गुळगुळीत असतं, कारण खाचेत चामडं ताणून बसवता येत नाही. शिवाय फर्मा बुटातून परत बाहेर यायला हवा. पाऊल घोट्यात वाकतं आणि निसटतं, ठोकळा वाकत नाही. म्हणून त्याला मधोमध इंग्रजी व्हीच्या आकाराचा छेद देऊन बिजागरी बसवलेली असते. ती दुमडली की फर्मा लांबीला आखडतो आणि टाचेतून सुटतो. हे फरक बनवण्याच्या सोयीचे आहेत, घालणाऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो.

घालणाऱ्याला जाणवतात ते फरक वेगळे. पेन्सिलीची रेघ तळपानाबाहेर का गेली? उभं राहिल्यावर पावलाचं मांस बाजूंनी फुगतं, आणि रेघ त्या फुगवट्याची सर्वांत बाहेरची कड पकडते. तो फुगवटा जमिनीला टेकलेला नसतो, जरा वर असतो. फर्म्याचा तळ फक्त टेकणाऱ्या भागापुरता ठेवतात आणि त्यावरची बाजू बाहेर फुगवतात, म्हणजे ती जागा तळाला न मिळता वरच्या चामड्याला मिळते. रेघेबरहुकूम तळ कापला तर बूट होडीसारखा पसरट होतो आणि पाऊल आत डावी-उजवीकडे घसरतं. हौसेने स्वतःसाठी बूट करायला बसलेले बरेच जण पहिल्या जोडीत इथेच चुकतात.

पुढची मोकळी जागाही फुकट सोडलेली नाही. पावलावर भार आला की ते काही मिलिमीटर लांबतं, आणि पाऊल उचलताना बुटात पुढे सरकतं. बोटांपुढे सेंटिमीटरभर रिकामं नसेल तर उतारावर अंगठ्याचं नख दर पावलाला आदळतं. टोकदार बुटात ही जागा आणखी वाढवतात, कारण निमुळत्या टोकात बोटं शिरतच नाहीत.

चवड्याभोवतीचा घेर पाहिला तर काही बुटांच्या फर्म्यात तो पावलाच्या घेरापेक्षा कमीच ठेवतात. लेसच्या बुटाला पाऊल धरून ठेवायला लेस असते. बिनलेसच्या लोफरला किंवा बायकांच्या उघड्या गळ्याच्या बुटाला असा आधार नाही, त्याने पावलाला स्वतःच्या ताणाने धरायचं असतं. म्हणून तिथे फर्मा आवळतात. चामडं पुढे थोडं सैलावणार हाही हिशेब त्यातच असतो. घोट्याखाली, बुटाच्या तोंडाशी फर्मा पावलापेक्षा बारीक आणि मागून आत झुकलेला असतो, म्हणून टाच चालताना बाहेर येत नाही. दुकानात लोफर जरा घट्ट वाटला म्हणून एक नंबर मोठा घेणारे घरी येऊन टाच निघत असल्याची तक्रार करतात. त्यांना घेर वाढवून हवा होता, मिळाली लांबी.

आणि उंची! अनवाणी पाऊल जमिनीवर सपाट असतं, फर्म्याची टाच मुळातच उचललेली असते. किती उचललेली ते बुटाच्या टाचेवरून ठरतं, आणि टाचेची प्रत्येक उंची वेगळा फर्मा मागते. दोन सेंटिमीटरसाठी केलेल्या फर्म्यावरच्या बुटाला पाच सेंटिमीटरची टाच लावली, तर टोक जमिनीत घुसतं आणि मधली कमान भलत्या जागी वाकते. फर्म्याचं टोकही जमिनीपासून थोडं वर वळलेलं असतं. पाऊल उचलताना बोटं मुळातून वाकतात, जाड तळ तितका वाकत नाही. न झालेलं ते वाकणं वर वळलेल्या टोकाने भरून निघतं. तळ जितका ताठ, तितकं हे वळण जास्त.

बुटांच्या नंबरात हाच घोळ आहे, आणि तो आपल्या खिशाला लागतो. युरोपीय ४२ नंबरचा अर्थ काय? त्या पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. ४२ ला दोन तृतीयांशाने गुणलं की २८ सेंटिमीटर येतात. ही लांबी फर्म्याची आहे. त्यात मावणारं पाऊल साडेसव्वीसच्या आसपास असतं. आपल्याकडे रुळलेली ब्रिटिश पद्धतही फर्म्याचीच. तिच्यात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, आणि ८ नंबर म्हणजे ११ इंच, जवळपास तेच २८ सेंटिमीटर. मोंडोपॉइंट ही तिसरी पद्धत मात्र सरळ पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये सांगते. बुटाच्या जिभेवर ४२, ८ आणि २६५ एकाशेजारी एक छापलेले असतात, तेव्हा पहिले दोन आकडे एका वस्तूचे असतात आणि तिसरा दुसऱ्याच वस्तूचा. फर्म्याची लांबी ठरवताना पुढे किती जागा सोडायची ते ज्याचं त्याने ठरवायचं, म्हणून दोन कंपन्यांचा ८ नंबर एकसारखा बसत नाही. यात फसवणूक नाही, फर्मे वेगळे आहेत इतकंच.

फर्म्याने पावलापासून फारकत घ्यावीच लागते, पण किती, याचा विसर पडला की काय होतं तेही इतिहासात आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात बूट बहुतेक सरळ फर्म्यावर होत, डावा-उजवा भेदच नसे. एकाच फर्म्यावर दोन्ही बूट करायचे आणि ते पायात झिजून आपापल्या पायाचे होऊ द्यायचे. अमेरिकेत थॉमस ब्लँचर्ड याने १८१९ मध्ये बंदुकांच्या दस्त्यांसाठी वेड्यावाकड्या आकाराची नक्कल उतरवणाऱ्या लेथचं पेटंट घेतलं. त्याच तत्त्वावर फर्मेही निघू लागले आणि डाव्या-उजव्याच्या वेगळ्या जोड्या करणं सोपं झालं. तरी फर्म्याचं टोक मधोमधच राहिलं. झुरिकचे शरीररचनातज्ज्ञ हेर्मान फोन मायर यांनी १८५८ मध्ये दाखवून दिलं की निरोगी पावलात अंगठ्याच्या मध्यातून मागे ओढलेली रेघ टाचेच्या मध्याला मिळते. मधोमध टोक असलेला बूट अंगठ्याला त्या रेषेवरून आत ढकलतो. आजही नेटक्या दिसणाऱ्या बहुतेक बुटांचं टोक तिथेच आहे. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेल्या किती बायकांना कुणी हे सांगितलं असेल?

लांबी, रुंदी आणि नंबर जुळूनही बूट न बसण्याचं आणखी एक कारण आहे, आणि दुकानात ते क्वचितच कुणी मोजतं. टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंतचं अंतर. दोन माणसांची पावलं सारखीच लांब असतील, पण एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड असतील, तर दोघांची पावलं वेगवेगळ्या जागी वाकतात. फर्म्यात वाकण्याची जागा एकच ठरलेली असते. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात चार्ल्स ब्रॅनक यांनी १९२० च्या दशकात बनवलेल्या धातूच्या मापपट्टीवर त्यासाठी वेगळी सरकपट्टी आहे.

म्हणूनच आपल्याकडच्या एका चांगल्या बातमीकडे मी आनंदाने पाहतो, पण अपुऱ्या समाधानाने. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावलं त्रिमितीय स्कॅनरने मोजली. भारतीय पाऊल सरासरीने युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा रुंद निघालं, आणि त्यावरून ‘भा’ नावाची देशी मापपद्धती सुचवली गेली. इतकी वर्षं आपण परक्या पावलांवरून काढलेल्या फर्म्यांत पाय कोंबत आलो, त्याचा हा पुरावा. पण मोजली ती पावलं, स्थिर उभी, बिनटाचेची. त्यांच्यावरून फर्मा आपोआप निघत नाही. पुढे किती जागा सोडायची, घेर कुठे आवळायचा, टोक किती उचलायचं, हे सगळं फर्मा घडवणाऱ्याने ठरवायचं असतं. साधारणपणे तो पुरुषांसाठी ८ नंबरचा एक नमुना हाताने घासून-भरून सिद्ध करतो, त्यावर बूट करून माणसाला चालवून पाहतो, पुन्हा घासतो, आणि मग बाकीचे नंबर त्यावरून उतरतात. पावलाचं स्कॅन करून थेट त्रिमितीय छपाईने फर्मा काढू म्हणणारे हीच पायरी गाळतात.

कोल्हापुरीला या सगळ्याची गरज पडत नाही. पारंपरिक पद्धतीत तळ नमुन्यावरून रापीने कापतात, पट्टे बसवतात आणि पाऊल उघडंच राहतं. ताणायला बंद अंगच नाही, तर फर्मा कशाला? बाकीचा आकार घालणाऱ्याचा पाय देतो.

आणि एक जागा अशी आहे जिथे फर्म्याने पावलाच्या जास्तीत जास्त जवळ जायलाच हवं. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेलं पाऊल. धडधाकट पायाला बूट लागला की तो ओरडतो आणि आपण बूट बदलतो. बधिर पाय गप्प राहतो आणि जखम होते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पायांसाठी मऊ सच्छिद्र रबराच्या तळाची पादत्राणं करण्यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतली. पाऊल फार बदललेलं असेल तर प्लॅस्टरचा साचा घेऊन त्या एका माणसापुरता फर्मा करतात. पण त्या साच्यातही बोटांपुढे प्लॅस्टर भरून लांबी वाढवतात आणि जिथे हाड टोचतं तिथे उंचवटा देतात, म्हणजे बुटात त्या जागी पोकळी राहील. घरात असा पाय असलेलं कुणी असेल, तर त्यांच्यासाठी बूट संध्याकाळी घ्या, तोपर्यंत पावलं थोडी सुजलेली असतात. आतलं तळपान काढून त्यावर त्यांना उभं करा, अंगठ्यापुढची जागा बघा. आणि रोज बूट घालण्याआधी आत हात फिरवून पाहा, शिवण किंवा खडा कुठे बोटाला लागतो का.