शेवटचं अक्षर किती सांगतं?

सांगलीत आमच्या विश्रामबागेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक लांबलचक यादी आली: ‘ई या अक्षराने संपणारे पाच अक्षरी इंग्रजी शब्द’. मुलांकडून पाठ करून घ्या, वर्डल हमखास सुटेल, असा सल्लाही सोबत होता. त्यावर कुणीतरी हिशोब मांडला की इंग्रजीत अक्षरं २६, म्हणजे शेवटचं अक्षर कळलं की शब्दांचा फक्त सव्विसावा हिस्सा उरतो. हिशोब ऐकायला चोख वाटतो, पण तो चुकीचा आहे. तो नेमका कुठे चुकतो, हे समजून घेण्यात खरी मजा आहे.

वर्डल हा जॉश वॉर्डल यांनी बनवलेला खेळ. २०२१ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. प्रत्येक प्रयत्नानंतर बरोबर जागी बसलेलं अक्षर हिरवं होतं, शब्दात असून जागा चुकलेलं पिवळं. मूळ खेळात उत्तरांची यादी २,३१५ शब्दांची होती. ती शेवटच्या अक्षरानुसार लावून पाहिली की ‘ई’ने संपणारे ४२४ शब्द निघतात, ‘वाय’ने ३६४, ‘टी’ने २५३, ‘आर’ने २१२. या चार अक्षरांतच निम्म्याहून जास्त यादी संपली! उलट ‘झेड’ने संपणारे फक्त ४, ‘यू’चा एकच, तो म्हणजे बायू, अमेरिकेच्या दक्षिणेतला संथ वाहणारा ओढा. आणि ‘जे’, ‘क्यू’, ‘व्ही’ यांनी संपणारा एकही नाही.

‘व्ही’चा एकही नाही हे आपल्या कानाला पटत नाही. सर्व्ह, कर्व्ह, नर्व्ह, सॉल्व्ह, ग्लोव्ह हे सगळे शब्द आपण ‘व्ह’वरच संपवतो. पण लिहिताना प्रत्येकाच्या शेवटी एक मुका ‘ई’ असतो. जुन्या इंग्रजी लिखाणात ‘यू’ आणि ‘व्ही’ ही वेगळी अक्षरं मानली जात नव्हती. शेवटचं चिन्ह स्वर नसून व्यंजन आहे हे कळावं म्हणून पुढे ‘ई’ जोडायची पद्धत पडली. इतर कितीतरी शब्दांतला शेवटचा ‘ई’ चौदाव्या शतकापर्यंत खरोखर उच्चारला जायचा. पुढे बोलण्यातून तो गळाला आणि लिखाणात राहिला. ‘वाय’चं कारण वेगळं. इंग्रजी शब्द सहसा ‘आय’ने संपत नाहीत, म्हणून हॅपी, पार्टी, स्टोरी यांच्या शेवटचा ई-कार ‘वाय’ने लिहिला जातो. ‘आय’ने संपणारे बहुतेक शब्द बाहेरून आलेले असतात, जसे आपल्याकडून गेलेला खाकी किंवा जपानी सुशी. ‘एस’ने संपणारे ३६च आहेत, कारण साधी अनेकवचनं उत्तरांत घेतलेलीच नाहीत.

ज्या ‘ई’चा इतिहास असा लिपीच्या सोयीचा आहे, तो नावाच्या शेवटी जोडला की धंद्याला बरकत येते, असं सांगणारे अंकशास्त्री आपल्याकडे बक्कळ पैसे घेतात. नवीन दुकानांच्या पाट्यांवर जादा ‘ई’ आणि दुहेरी ‘ए’ दिसतात ते त्यामुळेच. कृपया त्यात पैसे घालू नका. त्या अक्षराचा ग्रहांशी काडीचाही संबंध नाही.

आता मुख्य मुद्दा. एखाद्या खुणेची किंमत मोजायची कशी? क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्ये याचं उत्तर दिलं. समजा, मार्केट यार्डात हळदीची २,३१५ पोती रांगेत लावली आहेत आणि त्यातल्या एकात तुमची अंगठी पडली आहे. ‘डाव्या निम्म्यात आहे का?’ असं विचारत गेलात तर प्रत्येक उत्तराला पोती निम्मी होतात. अशा एका निम्मे करणाऱ्या उत्तराला म्हणायचं एक बिट माहिती. २,३१५ ला किती वेळा निम्मं केलं की १ उरतो? सुमारे ११.१८ वेळा. म्हणजे शब्द ओळखायला एवढे बिट मिळवावे लागतात.

सगळी अक्षरं शेवटी सारख्याच वेळा आली असती, तर शेवटच्या अक्षराने ४.७ बिट दिले असते. ग्रुपवरचा हिशोब हेच गृहीत धरतो. पण ‘ई’ आहे असं कळल्यावर २,३१५ चे ४२४ होतात, म्हणजे हाती जेमतेम २.४५ बिट. ‘झेड’ कळला तर ९ हून जास्त बिट मिळतात, पण ‘झेड’ येणार कधी? प्रत्येक अक्षराचे बिट त्याच्या येण्याच्या शक्यतेने गुणून बेरीज केली, की सरासरी निघते सुमारे ३.७४. शॅननने या सरासरीला एन्ट्रॉपी म्हटलं. वाटप जितकं विषम, तितकी ती कमी. जे वारंवार घडतं ते कळून फारसं काही कळत नाही, हे तिचं सार आहे.

आणखी एक गोष्ट अशी, की अक्षरं एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे त्यांच्या बिटांची सरळ बेरीज होत नाही. समजा, शेवटची चारही अक्षरं मिळाली: आय-जी-एच-टी. पाचातली चार हिरवी, म्हणजे काम झालं असं वाटतं. तरीही नेहमीच्या वापरातले आठ शब्द उरतात: फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट आणि आकड्यातला एट. म्हणजे पूर्ण तीन बिट अजून बाकी. इथे बहुतेक जण एकेक शब्द टाकत बसतात. ‘लाइट’ टाकला तर आठातून एकदा लागतो, नाहीतर सात उरतात. सरासरी कमाई साधारण अर्धा बिट.

त्याऐवजी ‘फ्लेम’ टाका. तो उत्तर असूच शकत नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण त्यात एफ, एल, एम आणि ई ही चार अक्षरं आहेत. यातलं कुठलंही रंगलं तर फाइट, लाइट, माइट किंवा एट यांपैकी नेमका शब्द मिळाला. काहीच रंगलं नाही तर नाइट, राइट, साइट, टाइट हे चार उरले. सरासरी कमाई नेमकी दोन बिट, म्हणजे ‘लाइट’च्या जवळपास चौपट. फक्त सेटिंगमध्ये हार्ड मोड चालू असेल तर हा डाव टाकता येत नाही, कारण तिथे सापडलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात.