तांबडीचं अंडं तांबूस का?

माझी आई अंडं बघून कोंबडी सांगायची. सकाळी डालगं उचलून चार अंडी पदरात घेतली की, "हे तांबडीचं, हे कवडीचं, अन् हे त्या नव्या तलंगीचं," असं एका दमात. परभणीकडच्या आमच्या वाड्यात सात-आठ गावरान कोंबड्या कायम असायच्या आणि आईचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही. पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की तिचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. अंड्याच्या टरफलाची छटा कोंबडीच्या वंशातून येते आणि साधारण जन्मभर तीच राहते. वय वाढतं तसं अंडं मोठं होतं, तेवढाच रंग जास्त जागेवर पसरतो, म्हणून जुन्या कोंबडीचं अंडं थोडं फिकं दिसतं.

कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात. पिवळा बलक सुटतो, तीनेक तासांत त्याच्याभोवती पांढरा बलक जमतो, मग पातळ पापुद्रा चढतो. उरलेले वीसेक तास जातात ते टरफल घडवण्यात. टरफलात शेकडा 94-95 भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपल्या चुनखडीतलाच पदार्थ. मुळात ते पांढरंच असतं. तांबूस रंग चढतो तो शेवटच्या काही तासांत, वरच्या थरावर. खात्री करायची असेल तर गावरान अंडं फोडून टरफलाच्या आत बघा. आतून ते पांढरं असतं. अंडं व्हिनेगरमध्ये ठेवलं तर टरफल विरघळायला लागतं आणि वरचा तांबूस थर बोटानं पुसून निघतो.

या तांबूस रंगद्रव्याचं नाव प्रोटोपॉर्फिरिन. आपलं रक्त ज्यामुळे लाल दिसतं त्या 'हीम'चा हा शेवटून दुसरा टप्पा. या रेणूच्या मधोमध लोहाचा अणू बसला की हीम तयार होतं. लोह बसण्याआधीचा रेणू टरफलावर उतरला की अंडं तांबूस होतं. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, त्याच्या उजेडात अंधाऱ्या खोलीत गावरान अंडं धरून बघा. ते निखाऱ्यासारखं लालसर चमकतं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारच्या पोरांनाही बोलावून दाखवलं होतं.

जगात निळी अंडी देणाऱ्या कोंबड्याही आहेत. चिलीमधल्या मापुचे लोकांकडच्या कोंबड्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत, चीनमधल्या डोंगश्यांग आणि लुशी या जातीही तशाच. निळा रंग बिलिव्हर्डिनचा. हीम मोडलं की हे द्रव्य तयार होतं. मुका मार लागल्यावर चार दिवसांनी कातडी हिरवट पडते, ती याच द्रव्यामुळे. निळा रंग टरफलात आरपार मुरतो, म्हणून ते अंडं आतूनही निळंच. 2013 साली याचं कारण सापडलं आणि ते मोठं विलक्षण आहे. एका जुन्या विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकांच्या माळेत येऊन अडकला आणि शेजारचं एक जनुक कोंबडीच्या पोटातल्या टरफल घडवणाऱ्या पिशवीत जागं झालं. चिलीत आणि चीनमध्ये ही गोष्ट वेगवेगळी, स्वतंत्रपणे घडली. हा गुण वरचढ आहे, आई किंवा बाप एकाकडून आला तरी पुरतो. निळ्या टरफलावर तांबूस हात फिरला की अंडं हिरवट होतं.

कडकनाथचं अंडं काळं असतं, असं सांगून विकणारे भेटतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडच्या या कोंबडीची कातडी, मांस, हाडांवरचं आवरण काळं असतं ते मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्यामुळे. टरफलाच्या रंगात मेलॅनिन नसतंच. कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी किंवा दुधी रंगाचं असतं.

आमच्या बाजारात तांबूस अंडं पांढऱ्यापेक्षा चढ्या भावानं जातं. टरफलाच्या रंगाचा पौष्टिकतेशी काही संबंध नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. कोंबडी काय खाते ते कळतं पिवळ्या बलकावरून. बलकाचा पिवळेपणा कोंबडी स्वतः तयार करत नाही, तो चाऱ्यातून येतो. आपली ज्वारी त्या बाबतीत गरीब. नुसत्या ज्वारीवर ठेवलेल्या कोंबडीचा बलक पांढुरका पडतो. तीच कोंबडी उकिरडा उकरून, बांधावरचं गवत टोचून आली, तिला पिवळा मका, लसूणघास किंवा शेवग्याचा पाला मिळाला, की आठ-पंधरा दिवसांत बलक केशरी व्हायला लागतो.

उन्हाळ्यात टरफल पातळ होतं, त्याचंही कारण चाऱ्यातच शोधलं जातं. चैत्र-वैशाखात पारा 42-43 वर गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. तिला घाम येत नाही, धापेतूनच ती अंगातली उष्णता घालवते. पण त्या धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि टरफलासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं. वर ऊन लागलेली कोंबडी खातेही कमी. तेव्हा नुसता चुना वाढवून भागत नाही. सावली हवी, माठातलं गार पाणी हवं आणि दाणा सकाळी गारव्यात टाकायला हवा.

आता मांसाचं. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जातो, गावरान कोंबडा तेवढ्या वेळात पिल्लूच असतो. महिनोन्‌महिने पळापळ केलेल्या स्नायूंत कोलॅजेनचे धागे घट्ट विणले जातात, म्हणून ते मांस चिवट. मंद आचेवर दीड-दोन तास शिजलं की कोलॅजेनचं जिलेटिन होतं आणि येसर मसाला घातलेल्या रश्श्याला ओठ चिकटतील असा दाटपणा येतो. पण पाहुणे दारात आणि कोंबडा कापून तसाच चुलीवर, हे मला पटत नाही. जीव गेल्यावर स्नायूंतली ऊर्जा संपते, धागे एकमेकांत अडकून मांस ताठरतं आणि काही तासांनी पुन्हा सैल होतं. त्यामुळे सोलून, धुऊन, झाकून थंडाव्यात चार-पाच तास ठेवावं. आदल्या रात्री दाणा बंद, पाणी चालू. त्यानं आतडी रिकामी राहतात आणि साफ करताना मांस खराब होत नाही. पिसं काढायचं पाणी उकळतं नको, 60 अंशांच्या आसपास पुरे. उकळत्या पाण्यात कातडी शिजून फाटते.

सुस्त, मान वाकडी झालेली किंवा मेलेली कोंबडी मात्र कधीही कापू नये. वाकडी मान बहुतेकदा मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची खूण असते, आणि त्याची लस पिल्लू आठवड्याचं होतं तेव्हाच द्यायची असते. जानेवारी 2021 मध्ये आपल्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. एकाच वेळी अनेक कोंबड्या दगावल्या तर त्यांना हात न लावता जनावरांच्या दवाखान्यात कळवावं.

आई रिकामी टरफलं फेकत नसे. तव्यावर भाजून, खलबत्त्यात बारीक कुटून ती दाण्यात मिसळायची. भाजल्यानं जंतू मरतात, आणि कुटल्यानं टरफल ओळखू येत नाही, नाहीतर कोंबड्या स्वतःचीच अंडी टोचायला शिकतात.